आभाळाचा बाहेरकाठा

आभाळाला अंत नाही असं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. राग जुना आहे आणि वयाबरोबर कमी झालेला नाही. मी चौथी शिकलोय. ग्रह, तारे, त्यापलीकडचं काय, यातलं मला काही कळत नाही, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे कुणी मला शिकवायला बसू नये. विश्व संपतं की संपत नाही, ते शिकलेल्यांनी बघावं. माझं भांडण माझ्या बायकोवरून आहे. ती आता नाही, म्हणून ते मलाच लिहावं लागतंय.

आमचं गाव उलव्याच्या अंगाला, खाडीला लागून. आता तिथं मान मोडून वर बघावं लागतं एवढ्या इमारती आहेत. सत्तरच्या पुढंमागं तिथं भाताची खाचरं होती आणि खाचरांच्या पलीकडं खाडी. भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच चढायचं. शहरातल्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खोटं वाटतं. पण तसंच होतं. शेत खाली, समुद्र वर, आणि दोघांच्या मध्ये मातीचा एक बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणायचो. तो होता म्हणून शेत होतं, शेत होतं म्हणून गाव होतं.

हा बाहेरकाठा सरकारनं बांधलेला नव्हता. तो घराघरात वाटलेला होता. अमक्या घराचा इथपासून तिथपर्यंत, तमक्याचा त्याच्या पुढं. आमच्या वाटणीला पाणी सोडायच्या झडपेपासून खाडीच्या वळणापर्यंतचा तुकडा होता. आपला तुकडा आपण बघायचा. माती खचली तर माती घालायची, चिंबोऱ्यांनी बिळं पाडली तर बुजवायची. आणि कुठंही खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर हाळी यायची आणि प्रत्येक घरातून एक माणूस टोपली घेऊन धावायचं. कुणाच्या वाटणीचा फुटला हे तेव्हा विचारायचं नाही. घरात लग्न असो, मयत असो, एक माणूस निघालंच पाहिजे. अंगाला हळद लागलेला नवरा गुडघाभर चिखलात उभा राहून टोपल्या फेकताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. त्याची हळद आणि चिखल एक झाला होता आणि त्याची आई काठावरून ओरडत होती, "पोरा, जोरात फेक!"

बायको माझी मोऱ्याच्या बंदराकडची. तिचा बाप मचव्यावर खलाशी होता. लग्न होऊन आली आणि पहिल्यांदा शेतावर नेली तर भरतीची वेळ. ती बांधावर उभी राहिली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि बोलली, "आवं, तुमचा गाव पान्याच्या खाली हाय!"

"मग?"

"मंग काय. बघाया पायजे."

त्या दिवसापासून तिनं बघितलं. चिंबोरीच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायची. बोट चावलं तर शिवी द्यायची आणि चिंबोरी बाहेर काढायची. बीळ बुजायचं आणि चिंबोरी टोपलीत जायची. ती टोपली घेऊन होडीनं पलीकडं नव्या वसाहतीत जायची आणि इमारतींचे जिने चढून विकायची. मला ते जिने चढायला आवडायचं नाही. तिला माणसांशी बोलायला आवडायचं.

नवं शहर तेव्हा उभं राहत होतं. लाल-पांढऱ्या काठ्या आणि साखळ्या घेऊन माणसं आमच्याही शेतातून फिरून गेली होती, कागद आले होते, जमीन कागदावर सरकारकडं गेली होती. पण भराव पडायला अवकाश होता, म्हणून आम्ही कसतच होतो.

एकदा तिच्या गिऱ्हाइकांपैकी एका मास्तरीणबाईनं तिला सांगितलं, "मावशी, रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आकाशातलं दाखवणार आहेत. कॉलेजचे प्राध्यापक येणार आहेत. फुकट आहे, या तुम्ही." झालं. मलाही धरून नेलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला, तिनं लग्नातलं लुगडं नेसलं. हॉलमध्ये सगळे बँकेतले, हाफिसातले लोक. आम्हाला बघून दोन खुर्च्या रिकाम्या केल्या, ते खोटं बोलणार नाही. पांढऱ्या चादरीवर एकामागून एक चित्रं पडत होती. चंद्र, मग सूर्य, मग धुरासारखं काहीतरी. प्राध्यापक माणूस साधा होता, आवाज चांगला होता. तो बोलला की हे सगळं एवढं मोठं आहे की त्याला काठच नाही. जाल तिकडं पुढं आहेच. अनंत.

शेवटी दिवे लागले आणि तो बोलला, "कुणाला काही विचारायचंय?"

माझ्या शेजारची उठली. मी लुगडं ओढेपर्यंत तिनं विचारलं.

"काठ नाय असं कसं होल? बाहेरकाठा असंलच की. तो कुनाच्या वाटनीला हाय?"

कुणाला काही समजलं नाही. प्राध्यापकानं विचारलं, "बाई, वाटणीला म्हणजे?"

"म्हनजे सांभालतं कोन? फुटला तर जातं कोन?"

मागून एक जण ओरडला, "मावशी, ग्रामपंचायतीत अर्ज द्या!" आणि हॉल जो हसायला लागला! पोटं धरून हसले. मास्तरीणबाई पण हसली, तोंडावर पदर धरून. प्राध्यापक पोट धरून हसला नाही, पण गालात हसलाच. मग त्यानं हात वर करून लोकांना गप्प केलं आणि नीट सांगायला लागला. बोलला की यात शास्त्रज्ञांचीही दोन मतं आहेत, अजून कुणाला पक्कं माहीत नाही. कदाचित ते अनंत नसेल, पण तरीही काठ नसेल. मडक्यावर मुंगी चालली तर तिला काठ लागत नाही, ती फिरून फिरून तिथंच येते, तसं. चांगलं सांगितलं त्यानं. त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग मागच्या त्या माणसावर आहे. तो हसला तेव्हा तिनं वळून बघितलं होतं, आणि ते तोंड मी विसरलेलो नाही.

आम्ही होडीनं परत आलो. उतरल्यावर बोलली, "मुंगीला काठ दिसत नसंल. म्हनून मडक्याला काठ नाय काय? मडक्याला तोंड असतंय."

"गप चल. लाज काढलीस तेवढी पुरे."

"लाज कसली? इचारा बोलला म्हनून इचारलं."

यात तिचं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ती चुकली असेल. आमच्या गावचं माणूस आभाळाकडं बघून हीच चूक करणार, कारण आम्हाला दुसरं काय माहीत होतं? सांभाळल्याशिवाय कुठली गोष्ट टिकलेली आम्ही बघितलीच नव्हती.

पुढं साहेब आला. कुठल्या हाफिसातला ते जाऊ द्या. देवळासमोर टेबल मांडलं, नकाशा पसरला. गावानं विचारलं की जमीन कागदावर तुमची झाली, तर बाहेरकाठ्याचं काय? त्यानं नकाशावर बोट फिरवलं आणि बोलला, "असा काही काठ यात दाखवलेला नाही. हे सगळं सलग आहे. भराव पडणार."

"भराव पडेपर्यंत?" मी विचारलं.

"तोपर्यंत जमीन आमची. तुम्ही कशाला काळजी करता?"

बायका मागं उभ्या होत्या. तिथून ही बोलली, "तुमची तर तुमची मानसं धाडा चिखल टाकाया."

साहेबानं घड्याळ बघितलं.

त्या दिवशी ती घरी आली ती फणफणत. चुलीवर तवा आपटला. "तो पलीकडचा मास्तर नि ह्यो सायब, दोघं येकच बोलतान. काठ नाय."

"अगं, तो आभाळाचं बोलत होता, हा जमिनीचं."

"येकच. काठ नाय म्हनजे कुनाच्या वाटनीला नाय. कुनाच्या वाटनीला नाय म्हनजे फुटलं तरी कोन येनार नाय. तुमाला कलत कसं नाय?"

मला कळलं, पण त्या दिवशी नाही.

पुढच्या का त्याच्या पुढच्या श्रावणात, भर दुपारी, मोठ्या उधाणाला बांध फुटला. आमचा तुकडा नव्हता, शेजारचा होता. भात पोटरीला आलेलं. तिनंच आधी बघितलं आणि हाळी दिली. तिचा आवाज असा होता की होडीतल्या माणसाला गावातून हाक ऐकू जायची. ती ओरडत एकेका दारावरून पळाली. मी टोपल्या घेऊन पुढं गेलो. वळून बघतोय तर मागं चार-दोन म्हातारे. बाकी गाव घरात.

ज्याचा तुकडा तो शेजारी ओट्यावर चहा पीत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऊठ रं! खांड पडली!"

"वैनी, जमीन गेली. आता चिखल टाकून कुनाचं भात वाचवाचं? सरकारचं?"

"यंदाचं भात तुजी पोरं खानार, का सरकार?"

"सायब बोलला ना, सलग हाय. काठच नाय. मंग फुटलं काय?" आणि हसला. बशीतला चहा फुंकून हसला.

आम्ही टाकलं जमेल तेवढं. पाण्यापुढं टोपली टाकली की टोपलीसकट माती जायची. ओहोटी लागेपर्यंत ती छातीभर पाण्यात उभी होती, आणि शेवटी शेवटी टाकायला काही नव्हतं तर नुसती दोन्ही हातांनी पाणी अडवत होती. मी तिला ओढून वर काढली. खाचरं भरून गेली. पुढच्या वर्षी तिथं भात नाही, मिठाचा पांढरा थर. साहेबाच्या लोकांना बरंच झालं. शेताचं खारं खाजण झालं, मग भरावाची तक्रार करायला कुणी उरलं नाही.

त्या शेजाऱ्याशी मी पुन्हा बोललो नाही. तो मेला तेव्हा खांदा द्यायलाही गेलो नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

त्यानंतर तिला सवय लागली. संध्याकाळी ओट्यावर बसायची, समोर शेताच्या जागी पाणी, आणि वर बघत राहायची.

"वरचा काठ कोन बघत असंल?"

"देव बघतो."

"येकटा?"

"देवच आहे, त्याला काय."

"येकट्यानं होत नाय. आपन बघितलं ना."

मी विडी पेटवायचो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. गावच्या डाक्टरनं गोळ्या दिल्या, पनवेलच्या डाक्टरनं चिठ्ठी दिली, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. एवढ्या सभ्यपणे सांगितलं की मला आधी वाटलं बरी झाली. परत येताना ती एस्टीला नको बोलली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोऱ्याला चला, मला माहेरच्या पाण्यावरून न्या. मी नेलं. लाँचमध्ये ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. बोलली, "लहान व्हते तवा वाटायचं, हे पानी संपतच नाय. रडायची मी. मंग बापानं येकदा मचव्यात घातली, भाऊच्या धक्क्यावर नेऊन उभी केली. बोलला, हा बघ काठ. हात लाव. मी दगडाला हात लावला. मंग रडली नाय कदी."

मी म्हणालो, "झोप जरा."

ती शेवटचे दिवस पडवीत होती. अंगात काही उरलं नव्हतं, तोंड तेवढं तेच होतं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो, तर माझा हात धरला.

"आवं, खरं सांगा. तिकडं काठ नसंल तर मानूस नुसतं जातच ऱ्हाईल का? कुटं लागनारच नाय?"

ती घाबरली होती. चिंबोरीच्या बिळात हात घालणारी, साहेबाला तोंडावर बोलणारी बाई, आणि घाबरली होती. मरणाचं तिला भय नव्हतं. तिला भय होतं ते त्या अनंताचं, चादरीवर दाखवलेल्या त्या काळ्याचं. तिथं हात लावायला दगड नाही आणि हाळी दिली तर ऐकणारं घर नाही.

"काठ हाय," मी बोललो.

"कुनी सांगितलं?"

"मी सांगतोय."

"तुमी चौथी शिकलाव."

"तेवढ्याला चौथी बास झाली."

हसली. हसताना पोट दुखलं तर माझा हात आवळला. "शप्पत घ्या."

"तुझ्या गळ्याची शप्पथ."

"माज्या गल्याची काय घेताव, मी चाललेच. तुमच्या गल्याची घ्या."

मी माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली की आभाळाला काठ आहे. मग तिनं राहिलेली पेज खाल्ली.

ती गेली सकाळी. घरात बायका रडत होत्या, तिचा भाऊ मोऱ्याहून येऊन बसला होता, मुलगा बांबू आणायला गेला होता. मला आत बसवेना म्हणून मी देवळाकडं गेलो. देवळाच्या भिंतीला भजनी मंडळाचा फळा होता. गावात कुणी गेलं की मंडळाचा चिटणीस त्यावर खडूनं लिहायचा. माणूस चांगला, अक्षर मोत्यासारखं. तो लिहून हात झटकत होता. मी वाचलं. वर तिचं नाव, खाली माझं नाव, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात, "अनंतात विलीन झाल्या."

मी खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसलं.

त्याला वाटलं, चुकून हात लागला. त्यानं खडू उचलला आणि परत तेच लिहायला लागला. मी परत पुसलं.

"काका, काय करताय?"

"ते लिहू नकोस."

"सगळ्यांना तेच लिहितो आपण."

"सगळ्यांना लिही. हिला नको. ही अनंतात गेलेली नाही."

"असं लिहायची पद्धत आहे, काका. चांगला शब्द आहे."

"तुझ्या आईसाठी ठेव!" मी ओरडलो. तो गरीब माणूस, त्याचा काय दोष? पण त्या वेळी मला त्याच्यात हॉलमधला मागचा माणूस दिसत होता, चहा फुंकणारा शेजारी दिसत होता, नकाशावर बोट फिरवणारा साहेब दिसत होता. जिवंतपणी हसलात, बांध फुटला तेव्हा आला नाहीत, आणि आता ज्याला ती घाबरत होती तिथंच तिला ढकलताय, तेही सुंदर अक्षरात!

माणसं जमली. "धरा रं त्याला, डोकं फिरलंय," कुणी तरी बोललं. तिचा भाऊ धावत आला. मोठा माणूस, माझ्यापेक्षा थोराड. त्यानं माझं मनगट धरलं.

"भाऊजी, माजी भैन देवाघरी गेली. तिला सर्ग पन लिवून देत नाय का तुमी?"

"देतो की. स्वर्ग लिही."

"मंग अनंत लिवलं तर काय बिघाडलं?"

"स्वर्गाला दार असतं म्हणतात ना?"

"असतं."

"दार असतं म्हणजे भिंत असते. भिंत असते म्हणजे काठ असतो. अनंताला दार असतं का? सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मनगट सोडलं आणि चिटणिसाला बोलला, "वारल्या, असं लिव. निस्तं वारल्या."

तसं लिहिलं. तेव्हा मी घरी गेलो आणि तिला उचलू दिली.

त्यानंतर खूप वर्षं गेली. आता फळा नाही, देऊळ संगमरवरी झालंय, मी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. चौकात कुणाचा ना कुणाचा फोटो लावलेला असतो आणि खाली तोच शब्द छापलेला असतो. मी थांबतो, वाचतो, शिव्या देतो. मुलाला लाज वाटते. त्याला वाटतं, म्हातारा शास्त्राच्या विरुद्ध आहे. शास्त्र बरोबर असेल रे बाबा. मी शपथ घेतली तेव्हा मला काय माहीत होतं? आजही काही माहीत नाही. पण मला तिच्याकडं जायचंय, आणि अनंतात एक माणूस शोधायचं कुठं, ते मला कुणी शास्त्रवाल्यानं सांगावं. काठ असेल तर काही चिंता नाही. चालायला लागायचं आणि चालत राहायचं. ती तिच्या तुकड्यावरच असणार, बिळात हात घालून.

परवा मुलाला सांगून ठेवलं की माझ्या वेळी तो शब्द नको.

तो बोलला, "बाबा, आता फ्लेक्सवर ते आधीच छापलेलं असतं. आपण फक्त नाव आणि फोटो द्यायचा."

"मग काळा रंग आण," मी म्हटलं, "आणि खोड."